उरलेल्या दोन गोळ्या

गोळी घ्यायची वेळ झाली की हवालदार पाकीट आधी माझ्यापुढे धरत. "तारीख बगा आदी, ताई."

त्याच पाकिटावरची मुदतीची तारीख मी मागच्या आठवड्यात वाचून दाखवलेली असे. तरी पुन्हा वाचायची. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पलटणीचं स्टोअर सांभाळलं होतं, आणि तारीख पाहिल्याशिवाय भाजीचा डबासुद्धा फोडू दिला नव्हता. मी वाचून दाखवलं की म्हणत, "आमच्यावर छापत न्हाईत, त्येवडं बरं हाय."

सांगलीत हळदीच्या पेठेकडे तुमचं येणं-जाणं असेल तर अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, लेक पुण्याला, आणि स्वतः हळदीच्या गोदामावर राखणदार. आमच्या औषधाच्या दुकानात आले की काचेवर त्यांची पिवळी बोटं उमटत. ती ते लगबगीने रुमालाने पुसत, आणि रुमालच पिवळा असल्यामुळे सगळी काच पिवळी होई. मी रागावल्याचं सोंग करायची.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर मनोविकाराच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. हवालदारांना तिथे लेकीने धरून आणलं होतं. वीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग त्यांना झोपू देत नव्हता. डॉक्टरांनी तो त्यांना वहीत लिहायला लावला. आठवड्यातून एकदा ते लिहिलेलं डॉक्टरांपुढे मोठ्याने वाचायचं, आणि त्याआधी तासभर एक गोळी घ्यायची. अशा सहा बैठका, सहा गोळ्या. आठवण जात नाही, तिची धार बोथट होते, असं डॉक्टर सांगत. मी माझ्या भाषेत सांगितलं, "काका, काटा काढायचाय, बोट नाही." ते त्यांना पटलं.

तो एक तास ते आमच्या बाकावर बसून काढत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपणहून सांगितलं. सरहद्दीवर त्यांचा जोडीदार, औंधकडचा, पोटात जखम होऊन पडला होता आणि सारखं पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही, असा नियम. यांनी ओला रुमाल त्याच्या ओठांना लावला, पाणी दिलं नाही. उजाडायच्या आत तो गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे गोळी नुसतीच गिळतात. मी पेला पुढे केला तरी मान फिरवत. चौथ्या आठवड्यात मात्र त्यांनी स्वतः पाणी मागितलं, आणि पेला रिकामा करून ठेवला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी वर जाऊन डॉक्टरांना सांगून आले.

आणि मग जोडीदार गेल्याचा दिवस आला. दर वर्षी त्या दिवशी ते त्याच्या आईकडे जात. म्हातारी त्यांना पोराचा शेवट पहिल्यापासून सांगायला लावी. सांगताना यांचा आवाज कापे, मग ती यांच्या पाठीवरून हात फिरवी. वीस वर्षं त्या घरात वर्षश्राद्ध ते हेच. या वर्षी आवाज कापला नाही. म्हातारीचा हात तसाच मांडीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते रिकाम्या हातांनी. पाकीट तिच्याच घरी देवळीत ठेवून आले होते.

"माय म्हनली, माज्या पोराचं तुला कायबी वाटंना व्हय रं आता?" ते काचेकडे बघत म्हणाले. "ताई, तुमीच सांगा. घिऊ का नगो?"

दुकानात गर्दी होती. आम्हा औषधवाल्यांना एक खोड असते, कोणी काही विचारलं की उत्तर तयार. मी म्हणाले, "एवढा त्रास होत असेल तर थांबवा थोडे दिवस. पुन्हा सुरू करता येईल." त्यांना वर डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढंच माझं काम होतं. वीस पायऱ्या. ते मी केलं नाही. आणि हा तर हुकूम पाळणारा माणूस. "ठीक हाय," म्हणाले आणि गेले.

ते पुन्हा आले नाहीत. पुढे गोदामावरून कळलं की दुपारी डोळा लागला तरी ते ओरडत उठत, म्हणून नोकरी सोडून लेकीकडे गेले. फोन करीन करीन म्हणत मी सहा महिने घालवले.

मागच्या महिन्यात एक म्हातारी दुकानात आली. हातात आमच्या दुकानाचा शिक्का असलेलं पाकीट, आत दोन गोळ्या. हवालदार दर वर्षीसारखे संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले नाहीत, म्हणून पाकिटावरचा पत्ता लोकांकडून वाचून घेत ती दोन एसट्या बदलून आली होती. हे औषध कशाचं, असं तिने विचारलं. मी सांगितलं. काटा आणि बोटसुद्धा सांगितलं.

ती बाकावर बसली. "त्येचं दुखायचं थांबल्यालं, आन् म्या त्येला इसरलास म्हनलं," ती म्हणाली. "कुनीतरी मला सांगाय पायजे हुतं, बाई. त्येला फोन लावा. म्हनावं, आवाज न कापता सांग. म्या ऐकंन."

मी फोन लावला. लेकीने उचलला. मी ऐकत होते आणि म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. फोन ठेवल्यावर तिने फक्त "कवा?" एवढंच विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"झोपंत गेला का?"

मी हो म्हणाले. लेकीने तसं सांगितलं नव्हतं. महिनोन् महिने बाबांना झोपच नव्हती, असं ती म्हणाली होती.

म्हातारीने पाकीट काचेवर ठेवलं. मी ते उचललं आणि तारीख बघितली. अजून वर्षभर बाकी होतं.