मोडक्या शिंगाचा कोसा

तेरा सालच्या दुष्काळात चौसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, आणि देखरेखीला गहिनीनाथला नेमलं. जनावरं सहाशे, पण नुसत्या शिंगांच्या वळणावरून तो सांगायचा, ही गाय कोणाची, हिची आई कुठल्या बाजारातून आलेली. कानातला बिल्ला कमअक्कल लोकांसाठी असतो, असं त्याचं मत होतं.

पिणं जुनंच. आधी सणावाराला, मग बाजाराच्या दिवशी. छावणीत धुरळा लई, म्हणून घसा ओला करायला सकाळपासूनच. बायको सत्यभामानं बांधून दिलेली भाकरी मात्र संध्याकाळी तशीच परत यायची.

मग आदल्या दिवशीचं त्याला आठवेना. पण विचारलं की उत्तर तयार, तेही भरगच्च. "काल परळीला गेलतो, मेव्हण्याकडं. मटण केलतं." परळीत त्याला मेव्हणा नव्हता. लोक तरी मन लावून ऐकायचे.

छावणी मोडली तेव्हा तो आपला बैल घरी घेऊन आला. सत्यभामानं बैलाला पाणी पाजलं आणि मग विचारलं, "ह्यो कोणाचा हाय?"

"आपलाच की. कोसा."

"कोशाचं डावं शिंग मोडकं हाय. ह्याची दोनी धड हायेत."

गहिनीनाथ जरासुद्धा अडला नाही. "छावणीत चारा चांगला होता. फुटलं नवीन."

ती हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघून थांबली. तो थट्टा करत नव्हता.

दुपारी शेजारच्या गावचा बिभीषण खरा कोसा घेऊन दारात उभा. "पाव्हणं, ह्यो तुमचा घ्या अन् माझा द्या." गल्ली हसली, गहिनीनाथही हसला. पण मोडक्या शिंगावरून हात फिरवताना ते कधी मोडलं ते त्याला सापडेना.

"तुमीच तर हळद बांधली व्हती," सत्यभामा म्हणाली. तो बैलाशेजारी खाली बसला.

आठवड्याभरात तिनं त्याला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: बादली, चिंच, घड्याळ. पाच मिनिटांनी विचारलं, तर तो ठामपणे म्हणाला, "बैल, वैरण अन् पाणी."

बाई हसल्या नाहीत. सत्यभामाला म्हणाल्या, "मावशी, हे खोटं बोलत नाहीत. उपाशीपोटी दारू पिऊन मेंदूला लागणारं एक जीवनसत्त्व संपलंय. नवीन काही टिकत नाही, आणि रिकामी जागा मन आपोआप भरून काढतं."

"म्हंजे परळीचा मेव्हणा..."

"त्यांच्यासाठी खराच होता."

इंजेक्शनं झाली, वीस दिवस थरथर काढली, बाटली सुटली. पोळ्याला एकदा घसरला. सत्यभामा चार दिवस बोलली नाही, तेवढं पुरलं. जुनं बरंचसं परत आलं. नवीन जन्मलेल्या कालवडीचं नाव मात्र रोज सांगावं लागायचं.

पंधरा साली पुन्हा छावणी लागली. सोसायटीनं बोलावणं पाठवलं, ते सत्यभामाला. गहिनीनाथ वैरण टाकायचा. रोज सकाळी तो विचारायचा, "कुठल्या रांगेपासून?" ती बोट दाखवायची, आणि तो पेंढी खांद्यावर घेऊन निघायचा.