शिवेवरची कमान

नाशिक जिल्ह्याच्या पार टोकाला, गुजरातच्या शिवेला लागून आमचं गाव. रस्त्यासाठी दर निवडणुकीला नारळ फुटायचा. रस्ता कागदावर व्हायचा, ठेकेदाराचा बंगला मात्र खरोखरचा व्हायचा. शेवटी ग्रामसभेत बाबाच उठून म्हणाले, "आम्हाला गुजरातेत जाऊ द्या."

मग मंत्री धावत आले आणि शिवेवर महाराष्ट्राची कमान बांधून गेले. रस्ता नाहीच.

पुढे बाबा आजारी पडले. झोळीत घालून त्यांना पलीकडच्या दवाखान्यात नेताना आम्ही दगडधोंड्यांत ठेचकाळत होतो. कमानीपुढे डांबर लागलं, झोळी हिंदकळायची थांबली. डोळे न उघडताच बाबा म्हणाले, "आलं वाटतं गुजरात."

संध्याकाळी त्यांचा देह त्याच झोळीतून परत आणला. कमानीखालून आत शिरताच झोळी पुन्हा हिंदकळू लागली. आपलं राज्य आलं, हे बाबांना कळलं नाही.