उपासाच्या दिवशी मी घरी जेवले

सलाईनची सुई तिसऱ्यांदा चुकली आणि जावेचे डोळे वर गेले. डॉक्टर म्हणाले, शीर सापडत नाही, अंगात पाणीच उरलेलं नाही. तिचा हात कोपरापर्यंत गार पडला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर ती होती आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, सासूबाई. दोघींना पहाटेपासून जुलाब आणि उलट्या. माझा नवरा आणि दीर पुरुषांच्या बाजूला होते. त्यांनाही तेच झालं होतं, पण ते आपल्या पायांनी संडासापर्यंत जात होते. आमच्या घरात धडधाकट मी एकटी.

चौथी सुई जावेच्या पायात बसली.

"हा पाय हलू द्यायचा नाही," डॉक्टर मला म्हणाले. "सुई निघाली तर पुन्हा बसेल असं मी सांगत नाही. आणि आजींना मीठ-साखरेचं पाणी. चमचा चमचा, सारखं."

मी म्हटलं, "मी एकटी आहे."

"सगळीकडे तेच आहे, बाई," ते म्हणाले आणि पुढच्या सतरंजीकडे गेले. आमच्या चर्चच्या मंडळीतलीच माणसं होती सगळी.

जावेला पेटके येत होते. पाय झटकायची. मी दोन्ही हातांनी तिचं पाऊल आणि गुडघा दाबून बसले. चमचा धरायला हात उरला नाही.

"सूनबाई, प्रार्थना कर," सासूबाई म्हणाल्या.

"आधी पाणी प्या, आई. वाटी उशाशी आहे."

"पानी ऱ्हाऊ दे. प्रार्थना कर म्हनते ना."

"माझे हात अडकलेत. तुम्हीच करा."

मग त्यांनी सुरू केली. सासूबाईंची प्रार्थना मंडळीत प्रसिद्ध होती. आधी देवाचे उपकार, मग पाळक, मग राज्य करणारे, मग विधवा आणि अनाथ, मग आजारी. स्वतःपर्यंत यायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा. त्या दिवशी विधवांपर्यंत आल्या आणि त्यांना ग्लानी आली. मी जावेचा पाय सोडला नाही. येता-जाता आया सासूबाईंच्या तोंडात दोन-चार चमचे घालायची, तेवढंच पाणी त्यांना मिळालं.

ती आया मला म्हणाली, "सबने शरबत पिया, तुमने नहीं पिया?"

"मैं खाना खाने घर गई थी."

"रोजा तोड दिया?"

"हां."

"तो बच गई," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

हे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपासचं. आम्ही मूळचे नगरकडचे, पण नवऱ्याला राहनाळच्या गोदामात काम लागलं म्हणून भिवंडीत आलो. धामणकर नाक्याच्या मागे एका हॉलमध्ये आमची भक्ती व्हायची. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे, म्हणून उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हॉलमध्ये चांगली शांतता असे. बारा ते तीन, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात उपदेश. सकाळपासून कोणी काही खायचं नाही. तीन वाजता लिंबाच्या सरबताने उपास सोडायचा.

सरबत माझ्याकडे होतं. सहावा उपदेश सुरू झाला की मी मागच्या पडवीत जाऊन लिंबं पिळायची. शुक्रवारी दुकान बंद, म्हणून बर्फ मी आदल्या दिवशी सांगून ठेवायची, आणि आला की स्वतः धुऊन घ्यायची.

त्या वर्षी बर्फ सांगायचा राहिला. आणि मला उपास कधीच सोसला नाही. दुसऱ्या उपदेशालाच पोटात आग पडली. मी जावेच्या कानात म्हटलं, "डोकं दुखतंय, जाऊन येते."

ती म्हणाली, "डोकं की पोट, ताई?"

"तू गप ऐक."

घरी आले, शिळी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. जरा पाठ टेकली ती झोपच लागली. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. सरबत जावेने केलं. नाक्यावरचं बर्फाचं दुकान शुक्रवारमुळे बंद, म्हणून दीर मासळीबाजारातून बर्फ घेऊन आला. माशांवर घालतात तो. बारदानात गुंडाळून आणला आणि तसाच फोडून पातेल्यात टाकला. शनिवारी पहाटे सगळ्यांना सुरू झालं.

ईस्टरच्या दिवशी हॉलमध्ये पाळक आणि चार म्हातारे होते म्हणतात. पाळकांनी स्वतः सरबत घेतलं नव्हतं, त्यांना मधुमेह होता.

महिन्याभराने मंडळीने उपकारस्तुतीची सभा ठेवली. पाळक म्हणाले, देवाने या बहिणीला सेवेसाठी राखून ठेवलं, तिने साक्ष द्यावी. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला राखलं वगैरे काही नाही. मी खोटं सांगून घरी जेवायला गेले होते."

मागून एक म्हातारे म्हणाले, "पुढल्या वर्षी आम्हालाही बोलवा." लोक हसले. पाळकसुद्धा हसले, आणि म्हणाले, देव माणसाच्या दुबळेपणातूनही आपला हेतू साधतो. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

सभा झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "पाळकसाहेब, मी घरी गेले म्हणून जावेचा पाय धरायला धडधाकट होते, हे खरं. पण मी बर्फ सांगितला असता आणि हॉलमध्ये राहिले असते, तर मासळीचा बर्फ पातेल्यात गेलाच नसता. कोणाचा पाय धरायची वेळ आली नसती. मग माझ्या जेवणातला देवाचा हेतू कोणता? पहिला की दुसरा?"

"हे मला सांगता येत नाही," पाळक म्हणाले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

मी चौथी शिकलेली बाई. पण इतक्या वर्षांत एवढं मला कळलं आहे. देव माणसांच्या कारभारात असतो, नुसता बघत बसत नाही. त्याने मला वापरलं, यात मला शंका नाही. पण मी वापरली गेले म्हणून मी बरोबर होते, असं होत नाही. चूक माझ्या नावावरच राहिली. तिचं त्याने काय केलं ते त्याचं काम, आणि त्याने सगळं उलगडून सांगावं असा माझा हट्ट नाही. साक्ष देणारे लोक देवाचा हेतू आपल्या सोयीपर्यंतच सांगतात आणि खाली बसतात. मी दोन्ही बाजू सांगते, म्हणून मला पुन्हा कोणी साक्ष द्यायला बोलावलं नाही.

एकदा मी जावेला विचारलं, "तुझा पाय सोडून आईंना पाणी पाजलं असतं तर?"

ती म्हणाली, "तर आज हे तुम्ही त्यांना विचारलं असतं."

सासूबाई ईस्टरला गेल्या असत्या तर लोकांना बोलायला बरं झालं असतं. त्या सोमवारी दुपारी गेल्या. मंडळीतले बाकी सगळे वाचले. जाऊ नऊ दिवसांनी चालत घरी आली. दीर वाचला, माझा नवरा वाचला. मी आजारीच पडले नाही.