सुमनची दाढी

“बघा ताई, किती गोड दिसतेय आता!”

गंगापूर रोडवरच्या ऑफिसात संपादकांनी माझ्या पहिल्या कॉमिकचं प्रूफ पुढे सरकवलं. माझी नायिका सुमन. नाशिकच्या फूलबाजारात साडी नेसून शेवंती विकते. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली, बाई म्हणून जगणारी. माझ्यासारखीच. तिच्या हनुवटीवर मी दाढीचे खुंट काढले होते. बारीक निबने, एकेक ठिपका. दोन वर्षं काढत होते.

प्रूफात हनुवटी गुळगुळीत.

“तुम्हीही प्रकाशनाआधी लेझर करून घ्या. फोटो निघतील.”

शेजारच्या टेबलावरची मुलगी खुदकन हसली. मी पटकन पदर तोंडावर ओढला. तेवढ्यासाठी अजूनही माझाच राग येतो.

कुणी मला गोड आवाजात ‘ताई’ म्हटलं की मी आधी दार कुठे आहे ते बघते. या माणसाने पहिल्या भेटीतच तीनदा म्हटलं होतं. तरी फसले. पुस्तक हवं होतं ना!

मी विचारलं, “खुंट कुठे गेले?”

“अहो, स्कॅनिंगमध्ये शाईचे डाग वाटले. आमच्याकडचा मुलगा डाग साफ करतो. चूक झाली असेल.”

चूक. मला पटलं नाही. मी पानं उलटत गेले. बाराव्या पानावर सुमनचा भाऊ तिला घराबाहेर काढतो. एकाच चौकटीत दोघं समोरासमोर. दोघांची दाढी मी एकाच निबने, एकाच दिवशी काढलेली. भावाचा एकेक खुंट जागेवर होता.

मी त्या चौकटीवर बोट ठेवलं. “याचे डाग नाही वाटले?”

ते म्हणाले, “तो पुरुष आहे हो. वाचक गोंधळतो. बाकी आम्ही तुमच्या पाठीशीच आहोत. इथे सही करा.”

शाळेत पोरं माझी चड्डी ओढायची, तेव्हा गुरुजीही असंच म्हणायचे, मी आहे ना पाठीशी. आणि वर्गाबाहेर मलाच उभं करायचे. इतकी वर्षं मी उभी राहिले. त्या दिवशी नाही. पदर खाली सोडला. दुपार झालेली, सकाळी केलेली दाढी हिरवट दिसू लागलेली. दिसू दे म्हटलं.

सहीच्या जागी लिहिलं, ‘नामंजूर’. कपाटावरची मूळ चित्रं उचलली आणि निघाले.

मखमलाबादला घरी आई फुलं निवडत बसली होती. ती अजून मला ‘रे’ म्हणते.

“छापलं का रे?”

“नाही.” झालं ते सगळं सांगितलं.

ती चिडली. “येवढ्याशा केसांपायी पुस्तक घालवलं? लोकांला सांगून बसले मी!”

“हो, घालवलं. दुसरं मिळालं तर तेही घालवीन. सुमनला भादरून छापणार असतील, तर तिथे माझं नाव लागणार नाही.”

मी टेबल पुसलं आणि सुमनच्या पुढच्या गोष्टीचं पहिलं पान काढायला बसले.