सईला ऐकू येणारं एकच गाणं

इथले अनुभव मी रोज वाचतो आणि रोज हसतो. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजतात... माझं आपलं एकच म्हणणं – झोप पुरी घ्या, पित्त होऊ देऊ नका. तोच मी आज लिहायला बसलोय, तेव्हा आता तुम्हीही हसून घ्या.

मी नाशिकरोडला, जेलरोडच्या एका सोसायटीत राहतो. रिटायर्ड माणूस. गाण्याची भयंकर हौस, आणि गळा... काय सांगू! मुखडा एका गाण्याचा, अंतरा दुसऱ्याचा, शब्द अडले की 'ला ला ला'. दाढी करताना, भाजी आणायला जाताना, सतत. सोसायटीत आमच्या वयाच्या लोकांचा कराओके ग्रुप आहे. तिथे दोनदा गायलो, मग अध्यक्ष फार प्रेमाने म्हणाले, "तुम्ही टाळ्यांचं डिपार्टमेंट सांभाळा." बायकोच्या मते तर मी गायलो की दूध नासतं. असो.

नात झाली – सई. काही महिन्यांनी लक्षात आलं, शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी पोर दचकत नाही. तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी काहीही ऐकू येत नव्हतं. बाहेरून लावायच्या मशीनचाही उपयोग होईना. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन करावं लागेल, आणि ते वर्षाच्या आसपास झालेलं बरं, म्हणजे बोलणं लवकर येईल, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मी मात्र गातच होतो. सवय हो, दुसरं काय!

आणि सई ते ऐकत होती.

ती रडत असली आणि मी गायला लागलो की गप्प. मुठी सुटायच्या, नजर एका जागी. डॉक्टर म्हणाले, "कडेवर असताना छातीची थरथर जाणवत असेल." पटलं मला. पण मग मी गच्चीवर आणि ती खाली तिसऱ्या मजल्यावर, तरी तेच! माझी सून पल्लवी माझ्यापेक्षा पक्की संशयी. तिने कानाशी ताट वाजवलं, माझंच गाणं रेकॉर्ड करून मोठ्याने लावलं. सई ढिम्म. मी स्वतः तोंड उघडलं की मात्र गप्प.

मग मनमाडचं झालं. चुलतभावाकडे गेलो होतो, परतीची गाडी लेट. बाकावर बसून गुणगुणत होतो, तर पल्लवीचा फोन.

"अण्णा, आत्ता गात होतात का तुम्ही?"

"हो... का गं?"

"रडता रडता मध्येच थांबली ही. ऐका, मी फोन ठेवते. तुम्ही मनाला येईल तेव्हा गा. ती थांबली की मी मिस्ड कॉल देते."

मी गायलो. मिस्ड कॉल आला. बराच वेळ गप्प बसलो – फोनही गप्प. पुन्हा गायलो, पुन्हा आला. शेजारचा पागोटेवाला माणूस म्हणाला, "बाबा, लय जोरात चाललंय. बरं हाय ना तुम्हाला?" खरं सांगतो, भ्यायलो मी.

घरी आलो तर माझा मुलगा निलेश नाचायचा बाकी. "तिला ऐकू येतंय! मग कशाला सुरी लावायची पोरीच्या डोक्याला?" त्याने ऑपरेशनची तारीख रद्द केली. पल्लवी स्वयंपाकघरात जाऊन रडली. माझी झोप उडाली. गावं तर ऑपरेशन लांबतंय, न गावं तर पोर रडून निळी होतेय... आणि वर्ष भरत आलेलं! चार घास गोड लागेनात.

शेवटी जेवताना बोललोच. "निल्या, पल्लवी दिवसभर तिच्याशी बोलते, त्यातलं अक्षर तिला कळत नाही. कळतं ते माझं बेसूर रडगाणं. मी मेल्यावर काय ऐकेल रे ती?"

तो ताटावरून उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानेच हॉस्पिटलला फोन केला.

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर मशीन सुरू केलं त्या दिवशी पल्लवीने हाक मारली – "सई!" – आणि पोरीने दचकून भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. काही दिवसांनी ती जरा रुळल्यावर मी तिला मांडीवर घेऊन माझं ठेवणीतलं गाणं काढलं. तिने वळून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला! घर हसून लोळलं. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पण आधी ते काय होतं? डॉक्टरांना मनमाडची हकीकत सांगितली, तर त्यांनी माझंच बीपी विचारलं. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, मला आजही कळलेलं नाही.

आंघोळीच्या वेळी सईचं मशीन काढून ठेवतात. तेवढा वेळ तिला पूर्वीसारखंच काहीही ऐकू येत नाही. घाबरून रडते बिचारी. पल्लवी आतून म्हणते, "अण्णा, एकदा गाऊन बघा ना." ती गप्प झाली तर काय, आणि नाही झाली तर काय... दोन्हींची भीती वाटते. गाणं पार गळ्यापर्यंत आलेलं असतं. मी चपला घालतो आणि खाली निघून जातो.