माणूस फोन उचलेल असा नंबर

आपला मुलगा अश्विन दिवसभरात कुणाशी तोंडाने बोलतो का, हा प्रश्न कौशल्याबाईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. जेवतो का, झोपतो का, या काळज्या जुन्या. त्या काळज्यांशी त्यांचं जमून गेलं होतं. ही नवी होती. मागे एका रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा त्याचा 'हॅलो' उमटलाच नाही. नुसती हवा आली. मग घसा खाकरून त्याने दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा कुठे आवाज निघाला. सकाळचे अकरा वाजले होते. म्हणजे तो त्याचा त्या दिवसातला पहिला शब्द होता. कोण जाणे, आदल्या दिवसानंतरचाही असेल.

अश्विन अकोल्याला राहायचा, गोरक्षण रोडवर एका घराच्या वरच्या खोलीत. डबेवाला दाराच्या कडीला डबा अडकवून जायचा आणि आदल्या दिवसाचा रिकामा घेऊन जायचा. काम संगणकावरचं. पुण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइट्स दुरुस्त करायच्या, आणि जे सांगायचं ते टाइप करून सांगायचं. कौशल्याबाई एकदाच तिथे राहून आल्या होत्या, दोन दिवस. त्या दोन दिवसांत त्या खोलीत जे काही बोलणं झालं ते बहुतेक त्यांचंच.

तसा तो लहानपणापासून कमी बोलणारा. वडील, पंजाबराव तायडे, बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन. त्यांच्या ड्युटीचा नेम नसायचा, म्हणून शाळा सुटली की पोरगा अमरावतीला आईच्या कॉलेजच्या ग्रंथालयात येऊन बसायचा. कौशल्याबाई तिथे एकोणतीस वर्षं नोकरीला होत्या. काउंटरच्या टोकाला एक स्टूल होतं, ते त्याचंच झालं. नवव्या वर्षी त्याला पुस्तकावर तारखेचा शिक्का नीट, सरळ मारता यायचा. एकदा दाखल नोंदवही, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देण्याची वही, चाळता चाळता तो एवढंच म्हणाला, "आई, हे दोनदा आहे." चार हजार एकशे सतरा हा क्रमांक दोन पुस्तकांना पडला होता आणि अकरा वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ग्रंथपाल साहेबांनी त्याला शाबासकी दिली, तर तो टेबलाखाली जाऊन बसला.

पुढे तो इंजिनिअर झाला, पुण्याला गेला. तिथेच तो फोनचा प्रकार घडला. एका दुपारी त्याने फोन उचलला नाही म्हणून कौशल्याबाईंनी सात वेळा लावला, आणि आठव्यांदा थेट त्याच्या कंपनीत लावला. तिथल्या मुलीने भर ऑफिसात मोठ्याने विचारलं, अश्विन तायडे कोण आहेत, त्यांच्या आईचा फोन आहे, ते बरे आहेत का विचारतात. त्या संध्याकाळी तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "आई, तू नको करत जाऊ फोन. मी करत जाईन. रविवारी, अकरा वाजता." त्यांनी कबूल केलं. त्याला चार वर्षं झाली. त्याने एकही रविवार चुकवला नाही आणि त्यांनी एकदाही शब्द मोडला नाही. पंजाबराव गेले त्या पहाटेही अश्विनला फोन शेजारच्या बेबीताईंनी केला होता.

वडील गेल्यावर चार महिन्यांनी त्याने पुण्याची नोकरी सोडली. अमरावतीला मात्र आला नाही. इथे येता-जाता जो तो विचारणार, नोकरी काहून सोडली, लग्न काहून नाही केलं. अकोल्यात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. म्हणून अकोला.

बेबीताईंना हे सगळं माहीत होतं आणि त्या भीडभाड ठेवत नसत. "पोट्टा तिकडं एकटा चहा पिऊन राहिला, तू इकडं एकटी पिऊन राहिली," त्या म्हणायच्या. "दोघं मिळून दोन कप होते, ते एका घरात केले असते तं गॅस तरी वाचला असता बाई." कौशल्याबाई हसायच्या आणि चहा गाळायच्या.

त्या खोलीत अश्विनने एक गोष्ट मात्र स्वतःच्या मनाने केली. छोट्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. पुस्तकांची नोंद, वाचकांची नोंद, कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं, कधी परत यायचं. त्याचं नाव त्याने ठेवलं 'दाखल'. कौशल्याबाईंना त्याने नाव सांगितलं तेव्हा त्यांना एकदम काउंटरजवळचं ते स्टूल दिसलं. पण त्या एवढंच म्हणाल्या की नाव चांगलं आहे.

हे 'दाखल' सॉफ्टवेअरच्या एका ऑनलाइन बाजारात ठेवायचं होतं. त्यासाठी आधी विक्रेता म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि नोंदवण्याआधी चौदा पानांच्या अटी मान्य कराव्या लागतात. त्याने ती पानं आईला पाठवली. इंग्रजी मला कळतं, पण अर्थ लागत नाही, त्याने लिहिलं होतं. मुख्य शब्दांचे सोपे अर्थ लिहून देशील? त्याला खरंच गरज होती, की आईच्या हाताला काही काम असावं म्हणून त्याने विचारलं, हे त्यांना ठरवता आलं नाही. पण त्या चार दिवस बसल्या. कॉलेजात संगणक आला तेव्हा टाकून दिलेली सूचीपत्रं, पुस्तकांच्या नोंदीची जुनी कार्डं, त्यांनी दोन खोके भरून घरी आणली होती. त्या कार्डांच्या पाठीवर एकेक शब्द लिहिला.

'विक्रेता: जो माल मांडतो तो. बाजारवाले फक्त ओटा देतात. गिऱ्हाइकाशी वाद झाला तर आपला आपण मिटवायचा.' 'परवाना: पुस्तक वाचायला देणं. वाचक घरी नेतो, पुस्तक आपलंच राहतं.' 'एकल मालक: ज्याच्या धंद्यात तो आणि तोच, मागे कुणी नाही.' हे लिहून झाल्यावर त्यांनी 'मागे कुणी नाही' हे शब्द खोडले. नवं कार्ड घेऊन पुन्हा लिहिलं. 'तक्रार: आली की एका कामाच्या दिवसात विक्रेत्याने दखल घ्यायची.' आणि 'सपोर्ट संपर्क: असा नंबर, जिथे कामाच्या वेळेत फोन केला तर माणूस उचलेलच. मशीन नाही, माणूस.'

कार्डांचे फोटो त्यांनी पाठवले. अश्विनने उत्तरात अंगठा पाठवला.

नोंदणी मात्र अडली ती नावावर. त्या फॉर्ममध्ये नावाला दोनच चौकटी होत्या, नाव आणि आडनाव. अश्विनने शाळेपासूनच्या सवयीने आधी आडनाव टाकलं. त्यामुळे बाजारवाल्यांची पत्रं 'प्रिय तायडे' म्हणून येऊ लागली. ते दुरुस्त केलं, तर पॅन कार्डाशी नाव जुळेना, कारण पॅन कार्डावर मधे पंजाबराव आणि फॉर्ममध्ये पंजाबरावांना जागाच नाही. दोनदा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा त्याने वडिलांचं नाव आपल्याच चौकटीत कोंबलं, 'अश्विन पंजाबराव'. हे त्याने रविवारी फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाबांना ठेवायला जागाच नाही ना आई त्यात." त्यांनी विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, हो.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले, तेव्हा मेसेज आला: कामात आहे, पुढच्या रविवारी. त्यापुढच्या दोन रविवारी मेसेजही आला नाही. कौशल्याबाईंनी विचारलं, बरा आहेस ना, तर अंगठा आला. अंगठ्याला आवाज नसतो. माणूस तापाने फणफणलेला असला तरी अंगठा तसाच पिवळा. त्या दिवसातून चार-पाच वेळा तो उघडून पाहायच्या, जणू तो मधेच बदलणार होता. अर्ज तिसऱ्यांदाही परत आला असेल आणि पोराने अंथरूण धरलं असेल, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. फोनवर बोट जायचं आणि परत यायचं. चार वर्षं पाळलेला शब्द होता. तो मोडला तर रविवारचा फोनही कायमचा जाईल, ही दुसरी भीती.

मंगळवारी दुपारी चार वाजता त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. कौशल्याबाईंनी दुसरी घंटा होऊ दिली नाही.

"मॅडम, 'दाखल'वाले ना तुमी?"

त्यांनी विचारलं, कोण बोलतंय.

"पुंजाराम बोलून राहिलो, अचलपूरहून. वाचनालयातून. सपोर्टले हाच नंबर लिवेल हाय."

कौशल्याबाई खाली बसल्या. पुंजाराम सांगत गेले. वीस दिवसांपूर्वी त्यांनी 'दाखल' घेतलं होतं. काम फक्कड होतं. दोन हजार पुस्तकं चढवून झाली, काही अडलं नाही. आणि विशेष म्हणजे त्यात आडनाव, नाव आणि बापाचं नाव अशा तीन वेगळ्या चौकटी होत्या, असं सॉफ्टवेअर त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. पण आज एक शाळकरी पोरगी सभासद व्हायला आली होती. ती आईचं नाव लावते. बापाची चौकट रिकामी सोडली तर सॉफ्टवेअर पुढे सरकेना.

"मंग म्या टिंब टाकलं. तं ते म्हणते, कमीत कमी तीन अक्षरं पायजेत. पोरगी समोर उभी. आता काय तिच्यासाठी म्या बाप बनवून टाकू?"

"नका टाकू काही," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी सांगते त्याला. तोवर तिला पुस्तक द्या, वहीत लिहून ठेवा."

"देल्लं ना, हातचं लिवूनच देल्लं. पन तुमी कोन मॅडम?"

"मी सपोर्ट," त्या म्हणाल्या.

"बरं झालं. माणूस तं लागला. मले वाटलं, गाणं वाजन."

फोन ठेवल्यावर त्यांनी तो बाजार शोधून काढला आणि 'दाखल'चं पान उघडलं. विक्रेता: अश्विन पंजाबराव तायडे. म्हणजे नोंदणी होऊन तीन आठवडे झाले होते, आणि आपल्याला कळलं ते अचलपूरच्या परक्या माणसाकडून. आधी ते लागलं. मग खाली सपोर्टच्या ओळीत त्यांचा स्वतःचा नंबर दिसला आणि त्यांना आपण लिहिलेलं कार्ड आठवलं. माणूस उचलेलच असा नंबर. पोराने तो शब्दशः घेतला होता. अख्ख्या जगात त्याला असा एकच नंबर माहीत होता, आणि तो त्याने विचारल्याशिवाय लिहून टाकला होता, लहानपणी स्टुलावर येऊन बसायचा तसा.

बाहेरून बेबीताईंनी हाक मारली, चहा टाकला का म्हणून. कौशल्याबाई म्हणाल्या, थांबा जरा.

त्यांना त्या चौकटीचंच आठवत राहिलं. फॉर्ममध्ये बापाला जागा मिळाली नाही, म्हणून त्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बापासाठी पक्की जागा केली, इतकी पक्की की ती कुणाला रिकामी सोडताच येऊ नये. एरवी चार हजार एकशे सतरा दोनदा आलेला ज्याच्या नजरेतून सुटला नाही, त्याला ही चूक दिसली नव्हती. बंद खोलीत, कुणाशी न बोलता, त्याने ती केली होती. आणि हे त्याला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

मेसेज लिहायला त्यांनी सुरुवात केली. 'अचलपूरहून तक्रार आली आहे' एवढं लिहून झालं. याचंही उत्तर अंगठाच येणार. त्यांनी ते पुसलं.

एका कामाच्या दिवसात दखल, असं अटींमध्ये होतं. त्यांच्याच हाताने लिहिलेलं. त्यामुळे आज, मंगळवारी, फोन करायला कारण होतं, नियमाला धरून होतं. पण ते नुसतं निमित्त आहे आणि फोन त्यासाठी नाही, हे त्यांना कळत होतं. चार वर्षांचा शब्द त्या मोडणारच होत्या. तो मोडताना खोटं बोलायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं. जेवलास का, हे विचारायचं नाही. आधी त्या पोरीचं सांगायचं, की ती चौकट रिकामी ठेवता आली पाहिजे बाबू, काही घरांत ती रिकामी असते, आपल्याही घरात आहे. आणि मग त्याचं ऐकायचं.

त्यांनी फोनमध्ये त्याचं नाव काढलं. पहिला 'हॅलो' उमटला नाही तर बोलायचं नाही, घसा खाकरून होईपर्यंत थांबायचं, असं स्वतःला बजावलं, आणि फोन लावला.