साडेछत्तीसचं माप

शेवंताबाईंनी मोबाइल माझ्या चष्म्यासमोर धरला. मुलीनं ब्लाऊजची मापं पाठवली होती. छाती साडेछत्तीस. कंबर साडेतीस. शोल्डर साडेचौदा. बाहीची लांबी साडेनऊ. दंडाचा घेर साडेअकरा.

मी दोनदा वाचलं. वहीत उतरवून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"लिवलं ना मॅडम? मग कापायचं का आज?"

"आज नाही," मी म्हटलं. "आधी कापड पाण्यातून काढा. कोसा धुतल्यावर आटतो. अस्तरही भिजवा. दोन्ही सावलीत वाळवा, पिळू नका. दोन दिवसांनी या."

सल्ला खरा होता. पण खरं म्हणजे मला दोन दिवस हवे होते.

तालुक्याच्या शिवणवर्गात मी तेवीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त होऊन मोहाडीत घरीच असते. पण फोन काही निवृत्त झाला नाही. मॅडम, गळा काहून फाकते? बाही काहून ओढते? पाठीवर चुणी काहून पडते? घरी शिवणाऱ्या बायकांचे प्रश्न सगळे मिळून पाच-सहाच असतात, फक्त बायका बदलतात. मी फोनवर करवादते, आणि चार दिवस फोन आला नाही की मलाच करमत नाही. बावीस मशिनी एकदम चालायच्या, तो आवाज मला अजून हवा असतो.

शेवंताबाई करडीच्या. घरी धानाची शेती. त्यांची मोनाली माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी. माझ्यानंतर तिनंच वर्ग चालवावा असं माझ्या मनात होतं, पण वर्गच बंद पडला. मोनाली बंगलोरकडच्या एका गारमेंट फॅक्टरीत गेली. त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी एकदा येऊन गेली, पुढं तीन वर्षं आली नाही. सुटी नाही, रिझर्व्हेशन नाही, दर वेळी काहीतरी निघायचं.

या वर्षी मात्र मंडईला येते म्हणाली. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. घरं पाहुण्यांनी भरतात, लेकी माहेरी येतात. शेवंताबाईंचा भाऊ इथंच मोहाडीत मागावर बसतो. त्यानं भाचीसाठी कोशाची साडी विणली, ब्लाऊजच्या कापडासकट. कोसा म्हणजे आमच्याकडचं रानातलं रेशीम.

"शिवून कोणीही देते," शेवंताबाई म्हणाल्या होत्या. "पण मले माह्या हातानं शिवायचं हाय. लहानपणी तिचे फ्राक मीच शिवत होती. मंडईत माह्या हातचं घालून फिरन, बस. तीन वर्सं झाले मॅडम, पोरीच्या अंगाले हात नाही लागला माह्या."

हे त्यांनी रडून वगैरे सांगितलं नाही. बस किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं.

आता मापांकडं येते. त्यांना सगळ्यांना साडेसाती लागली होती. छत्तीस नाही, साडेछत्तीस. चौदा नाही, साडेचौदा. एखाद्या माणसाची सगळीच मापं अर्ध्यावर संपत नाहीत. एखादं पूर्ण येतं, एखादं पाव. सगळीच साडे यायला टेपच साडे लागतो.

तसा एक टेप मला चांगला माहीत होता. आमच्या वर्गातल्या टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघून पडली होती आणि तिच्याबरोबर पहिला अर्धा इंच गेला होता. त्यामुळं प्रत्येक माप अर्धा इंच जास्त भरायचं. मी नवा टेप मागितला की साहेब म्हणायचे, "अर्ध्या इंचानं काय होते मॅडम?" मी म्हणायची, "बटण लागत नाही साहेब." टेप काही आला नाही. मग मुलींना सांगून ठेवलं, जे येईल ते आधी वहीत लिहा, मग अर्धा वजा करा.

म्हणजे मोनालीनं आज टेप अंगाला लावलाच नव्हता. वर्गातली जुनी वही उघडून पहिला रकाना आईला पाठवून दिला होता. वजा करायचंसुद्धा विसरली. माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीनं ही चूक का करावी, हा माझा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाच्या सुटीत फोन लावला.

"मॅडम, तुमी?" आवाज तोच होता.

"टेपचं टोक अजून तुटकंच आहे का गं?"

ती हसली.

"वहीतून लिहिलंस ना?"

"हो."

"आज किती आहे?"

"मोजलं नाही मॅडम. खरंच. मोजाची हिंमतच नाही होत. ड्रेसले आतून पिना लावून राहिली."

मग हळूहळू निघालं. दोनदा टायफॉइड झाला होता. घरी एकदाच सांगितलं, तेही साधा ताप म्हणून. तिकडचं जेवण जात नाही. व्हिडिओ कॉलवर ती फोन इतका जवळ धरायची, की नुसते डोळे-नाक दिसायचे.

"आईले समजलं तर ते मले वापस नाही येऊ देणार," ती म्हणाली. "आन आता मले सॅम्पलवर घेऊन राहिले मॅडम."

हे सांगताना तिचा आवाज बदलला. फॅक्टरीत एक माणूस एकच काम करतो. कोणी खिसा लावतं, कोणी कॉलर. मोनाली चार वर्षं नुसते कफ लावत होती. सॅम्पल टेलर म्हणजे नव्या डिझाइनचा पहिला कपडा जो एकटा, अख्खा शिवतो तो. चार वर्षांत अख्खा कपडा तिच्या हातात आला नव्हता, आणि ज्या मुलीनं माझ्या वर्गात पहिल्याच महिन्यात पूर्ण झबलं शिवलं होतं, तिला त्याची किती भूक असेल ते मला फोनवरही कळलं.

"अगं, पण मंडईला आल्यावर आई काय डोळे मिटून बसणार आहे?"

"तवाचं तवा पाहू. तोवर तिले सुखानं शिवू द्या ना मॅडम."

मी म्हटलं, "संध्याकाळी खोलीतल्या मैत्रिणीकडून माप घे. टेपखाली एक बोट राहिलं पाहिजे. ओढणी काढून. आणि टेप अख्खा आहे का बघ."

संध्याकाळी मापं आली. छाती तेहतीस. या वेळी साडे नव्हतं.

खऱ्या छत्तीसपेक्षा तीन इंच कमी.

आता पेच असा होता. साडेछत्तीसनं शिवावं, तर ब्लाऊज पोरीच्या अंगावर पिशवीसारखा लोंबेल, तोही भर मंडईत, आणि आईच्याच हातचा. खरं माप सांगावं, तर आई आजच फोन करून नोकरी सोडायला लावेल. मी मधला रस्ता काढला. कापायचं तेहतीसनं आणि माया भरपूर सोडायची.

माया म्हणजे शिलाईच्या बाहेर आत दुमडून राहणारं जास्तीचं कापड. नेहमीच्या ब्लाऊजला बगलेत पाऊण इंच पुरते. मी सव्वा इंच धरली. उद्या पोरगी भरली की शिलाई उसवून सैल करता येईल. माया नसेल तर कपडा घट्ट झाल्यावर टाकून देण्यावाचून इलाज नसतो. हे मी तेवीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं, पण त्या शब्दाचा इतका विचार कधी केला नव्हता.

शेवंताबाई वाळलेलं कापड घेऊन आल्या. खडूनं आखणी मी केली, कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी खडूच्या रेषेवर बोट ठेवलं.

"एवढी माया कायले मॅडम?"

"कोशाचे धागे सुटतात. कडेला जास्त लागते."

हे अर्धं खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि कापायला घेतलं.

पुढचे चार-पाच दिवस त्या दुपारच्या बसनं यायच्या. धान कापणीला अजून अवकाश होता. शेजारच्या बायकाही डोकावायला लागल्या आणि माझ्या अंगणात पुन्हा वर्ग भरला. मला बरं वाटत होतं, ते लपवून मी सगळ्यांवर डाफरत होते.

गळा फाकतो, कारण बायका तो सगळ्यात आधी कापतात, आणि हौसेनं मोठा कापतात. खांदे जोडल्यावर गळा कापा, तोही ठरवलेल्यापेक्षा अर्धा इंच लहान. कात्री पुढं जाते, मागं येत नाही. बाही ओढते, कारण मुंढा, म्हणजे बाही बसते ती काखेची गोलाई, पुढं आणि मागं सारखीच कापली जाते. हात पुढं जातात, मागं कोण नेतं? म्हणून पुढची गोलाई थोडी जास्त खोल घ्या. कोशाला सुई नवी आणि बारीक लावा. टाचण्या टोचायच्या तर मायेतच टोचा, बाहेर टोचल्या तर भोकं दिसतात.

"आन माणसाले टोचलं तर?" शेवंताबाईंनी विचारलं. बायका हसल्या. मीही हसले, पण त्या माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत होत्या.

बगलेची शेवटची शिलाई त्यांनी घरी घातली. ब्लाऊज तपासायला आणला. मी बाही पाहिली, गळा पाहिला. नाव ठेवायला जागा नव्हती. मग सवयीनं उलटा केला.

बगलेत चार शिलाया होत्या. पाव-पाव इंचाच्या अंतरानं, दोन्ही बाजूंना, आखल्यासारख्या सरळ. ही पद्धत आमच्या धंद्यातली जुनी. एकेक शिलाई उसवली की घेर एकेक इंच वाढतो, कारण पाव इंच चार ठिकाणी सुटतो. पण मी त्यांना एकच शिलाई सांगितली होती.

"तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस," शेवंताबाई म्हणाल्या. "बरोबर हाय ना मॅडम?"

मी टेप लावून पाहिला. बरोबर होतं.

"मले आकडे वाचता येते. तुमी खडूनं काय आखलं ते पाहत होती ना मी."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"कायले बोलू? मले त्याच्या आधीपासून मालूम हाय. तीन वर्सं झाले, पोरगी मोबाइलमंदी निस्तं नाक दाखवते. ज्याचं अंग भरलं हाय तो दूर उभा राहून दाखवते मॅडम. मी इचारलं असतं तर ते आलीच नसती. येऊ तर दे म्हटलं आधी."

म्हणजे मुलगी आईपासून लपवत होती, मी दोघींसाठी लपवत होते आणि आई आम्हा दोघींपासून लपवत होती. शिकवण्यात हयात गेली, आणि माझ्याच अंगणात मला कोणी शिकवून गेलं. मला त्या क्षणी त्यांचा थोडा राग आला आणि पुष्कळ लाज वाटली.

मंडईच्या दिवशी मी करडीला गेले. मोनाली कोसा नेसून बाहेर आली. गालांची हाडं वर आली होती, हात काटक्या झाले होते. ब्लाऊज मात्र अंगाला चोख बसला होता. शेवंताबाईंनी मुलीच्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून हात फिरवत काखेपर्यंत नेला आणि तिथंच ठेवला.

"मुंढा बरा बसला ना मॅडम?" त्यांनी मला विचारलं. हात काही काढला नाही.

मोनाली अठरा दिवस राहिली. निघायच्या आदल्या दिवशी मायलेकी माझ्याकडं आल्या. ब्लाऊज घट्ट होतो, मोनाली म्हणाली. घरचा भात लागला होता. मी उसवायचं हत्यार तिच्याच हातात दिलं. तिनं ब्लाऊज उलटा केला आणि थांबली. सॅम्पल टेलर होणारी मुलगी ती, तिला समजावून सांगावं लागत नाही. तिनं चारही शिलायांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

"ह्या चार शिलाया कोणी सांगतल्या?"

"मॅडमनं," शेवंताबाई चटकन बोलल्या.

"हो, मीच," मी म्हटलं.

मोनालीनं मान खाली घातली आणि पहिली शिलाई उसवायला घेतली. सुईची भोकं राहिली होती, ती ओल्या बोटानं चोळून घ्यायला मी सांगितलं. ती चोळत राहिली, भोकं बुजल्यावरही. आईनं नोकरी सोड म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या मंडईले येजो. तीन शिलाया बाकी हाय अजून."

ब्लाऊज ती ठेवून गेली. तिकडं कुठं घालू, म्हणाली.

तिला जाऊन बरेच महिने झाले. सॅम्पलवर घेतलं तिला. मागच्या आठवड्यात शेवंताबाईंचा फोन आला. प्रश्न होता, कोसा ठेवून ठेवून घडीवर चिरते म्हणतात, ते खरं का? मी सांगितलं, खरं आहे. सुती कापडात गुंडाळा आणि महिन्यातून एकदा घडी मोडून दुसरीकडून घाला.

"महिन्यातून एकदाच ना?" त्या म्हणाल्या. "मी तर रोजच घडी मोडून पाहते."

रोज केलं तरी कापडाला काही होत नाही, असं मी सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात नाही. पुस्तकात आहे ते एवढंच, की माप नेहमी माणसाच्या अंगावरून घ्यावं. फोनवर सगळे साडेछत्तीसच सांगतात.